नऊ किलोमीटरवरची सूट

इंदूरच्या राजेंद्रनगरातलं एक घर समोर ठेवू. माणसं चार: नोकरी करणारे नवरा-बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आजी. आजींचे सोमवार, एकादशी, चतुर्थी सगळं सुरू आहे आणि या प्रकरणात त्याला महत्त्व आहे. महिन्याचा किराणा गल्लीतल्या दुकानातून येतो. सकाळी मोबाइलवर यादी गेली की संध्याकाळी पोरगा सामान टाकून जातो, पैसे पगार झाल्यावर. गहू या यादीत नसतो. तो चैत्र-वैशाखात छावणीच्या धान्य मंडीतून वर्षाचा एकदम भरतात, साधारण दीड क्विंटल, आणि लागेल तसा चक्कीवर दळून आणतात.

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, नऊ किलोमीटरवर, सवलतीचं मोठं दुकान उघडलंय. शेजारच्या वहिनी तिथून चार पिशव्या भरून आल्या आणि पावतीच्या तळाशी छापलेला आकडा दाखवून गेल्या: ‘आपण वाचवलेली रक्कम ₹१,१४०’. घरात प्रश्न उभा राहिला की सगळा किराणाच तिकडे हलवावा का.

पुढचे भाव हिशेब कळावा म्हणून गोल करून धरलेले आहेत. आज तुमच्याकडे ते वेगळे असतील, तुमचे घालून पाहा. हिशेबाची रीत तीच राहते.

पावतीवरच्या आकड्याचं काय करायचं

काहीच नाही. ती रक्कम छापील कमाल किमतीपासून मोजलेली असते आणि छापील किमतीला किराणा कोण घेतं? गल्लीतला दुकानदारही तेलाची पिशवी छापील भावाच्या खालीच देतो. त्यातही दुकानाच्या स्वतःच्या छापाची डाळ असेल तर पाकिटावर २४० आणि फळीवर १४९ असं लिहिण्याला अर्थच उरत नाही, कारण दोन्ही आकडे ठरवणारा एकच. तुलना करायची ती आपण आज प्रत्यक्षात काय भाव देतो त्याच्याशी, आणि तीही किलोमागे.

किलोमागे हा शब्द पकडून ठेवा. मध्यंतरी पाकिटांच्या ठरावीक वजनांचं बंधन गेलं आणि ८०० ग्रॅम, ८५० ग्रॅम असे विचित्र आकार सर्रास आले. त्याबरोबर पाकिटावर एकक किंमत छापणंही बंधनकारक झालं. पण ती एक किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅममागे असते आणि किलोवरच्या पाकिटावर किलोमागे. एकावर ‘₹०.१६ प्रति ग्रॅम’ आणि शेजारच्यावर ‘₹१५६ प्रति किलो’ दिसलं की डोकं गोंधळतं. ग्रॅमच्या आकड्याला हजाराने गुणा, की दोन्ही एका पातळीवर येतात.

तेलात हे सगळ्यात जास्त फसवं. एक लिटर सोयाबीन तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. दुकानात दोन पिशव्या शेजारी आहेत असं धरा: एक १४२ रुपयांची ९१० ग्रॅमची, दुसरी ‘खास भाव’ अशी पट्टी लावलेली १२८ रुपयांची, ८०० ग्रॅमची. पहिली किलोमागे १५६ पडते, दुसरी १६०. चौदा रुपये स्वस्त दिसणारी पिशवी खरं तर महाग आहे. पिशवीचा आकार डोळ्यांना सारखाच वाटतो, म्हणून ग्रॅमच वाचायचे.

पहिली फेरी, हात रिकामे

पहिल्या फेरीत काही विकत घ्यायचं नाही. घरातल्या गेल्या दोन महिन्यांच्या चिठ्ठ्या काढायच्या, त्यातल्या दर महिन्याला येणाऱ्या वस्तूंची यादी करायची आणि दुकानात जाऊन प्रत्येकीसमोर वजन व भाव लिहून आणायचा. फळीवरच्या चिठ्ठीचा फोटो काढला तरी चालतो. आठवड्याभराने पुन्हा एकदा, शक्यतो महिन्याच्या मध्यावर. उद्घाटनाच्या महिन्यात साखर, तेल, कांदे-बटाटे यांचे भाव मुद्दाम पाडलेले असतात. हे तीन भाव प्रत्येकाला तोंडपाठ असतात, ते स्वस्त दिसले की सगळं दुकान स्वस्त वाटतं. जिऱ्याचा भाव कुणाच्या लक्षात असतो?

चिठ्ठ्या जुन्या असतील तर आणखी एक काळजी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. त्याआधीच्या चिठ्ठीशी तुलना केली तर झालेली घट दुकानाची मेहरबानी वाटेल. ती गल्लीतही झाली आहे. कपड्यांची पावडर मात्र १८ टक्क्यांतच राहिली.

यादीचे दोन भाग

या घराची यादी आपण दोन ढिगांत वाटली. वाटणीचा निकष एकच: ही वस्तू दोन्हीकडे हुबेहूब तीच आहे का?

पहिल्या ढिगात हुबेहूब वस्तू. तीच कंपनी, तोच छाप, तेच वजन. सोयाबीन तेलाच्या चार पिशव्या, एक किलो चहा, दोन किलो कपड्यांची पावडर, सहा आंघोळीचे साबण, आणि भांड्यांची वडी, टूथपेस्ट, फरशीचं द्रव, शाम्पू असं किरकोळ. इथे चव-दर्जाचा वादच नाही, फक्त भाव पाहायचा. गल्लीत तेल १५० ने ६००, सवलतीच्या दुकानात १४२ ने ५६८. चहा ५७० विरुद्ध ५३५. पावडर २६० विरुद्ध २२४. साबण २२८ विरुद्ध १९८. किरकोळ ६४० विरुद्ध ५६०. बेरीज गल्लीत २,२९८, तिकडे २,०८५. वाचले २१३ रुपये, म्हणजे शेकडा नऊच्या थोडे वर. ही सूट खरी आहे.

खरी का असू शकते, तेही पाहण्यासारखं आहे. अशी दुकानं प्रकार थोडे ठेवतात, त्यामुळे तेच खोके पुन्हा पुन्हा विकले जातात आणि पैसा मालात अडकत नाही. कंपनीला पैसे लवकर चुकते करून त्याबद्दल भाव पाडून घेतात. सजावट नाही, विक्रेते कमी. या धंद्यातलं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे डी-मार्ट. त्यांचं पहिलं दुकान २००२ साली पवईत सुरू झालं आणि भाड्याऐवजी शक्यतो जागा स्वतःचीच घ्यायची हे त्यांचं धोरण राहिलं. भाडं वाचलं की तेवढी भाव उतरवायला जागा मिळते. गल्लीतल्या दुकानदाराकडे यातलं काही नाही. त्याला साबणाचं खोकं वितरकाकडून ज्या भावाला मिळतं त्यात तो फार खाली येऊच शकत नाही.

दुसऱ्या ढिगात प्रतीच्या वस्तू: डाळी, तांदूळ, पोहे, दाणे, साबुदाणा, भगर, बेसन, रवा, साखर, मसाले. इथे नाव एक आणि माल अनेक. नुसत्या भावांची बेरीज केली तर असं दिसतं:

तूरडाळ ३ किलो, गल्लीत ४२०, तिकडे ३८४.
पोहे ३ किलो, १६८ आणि १८६.
दाणे २ किलो, २६० आणि २७६.
साखर ४ किलो, १८४ आणि १७२.
तांदूळ ६ किलो, ४२० आणि ३८४.
मूग व हरभरा डाळ एकेक किलो, २१० आणि २०२.
साबुदाणा दीड किलो, ९६ आणि १०५.
भगर अर्धा किलो, ५५ आणि ६५.
बेसन व रवा एकेक किलो, १४८ आणि १४१.
जिरं, मोहरी, धणे, हळद, तिखट मिळून २६० आणि ३००.

बेरीज गल्लीत २,२२१, तिकडे २,२१५. बत्तीसेक किलोच्या महिन्याच्या किराण्यातल्या तीन चतुर्थांश वजनावर वाचले सहा रुपये. तेही प्रत सारखी आहे असं मानलं तर.

डाळ कुकरमध्ये सांगते

इंदूरच्या बाजारात तूरडाळीचा भाव एक नसतोच. मंडीच्या रोजच्या भावांतच सवा नंबर, मीडियम, बेस्ट, ए बोल्ड असे वेगवेगळे आकडे येतात. गल्लीतल्या दुकानदाराला विचारलं तर तो सांगतो की ही कुठली आहे. दुकानाच्या स्वतःच्या छापाच्या पाकिटावर फक्त ‘तूरडाळ’ एवढंच. त्यामुळे १२८ आणि १४० या दोन भावांची तुलना अजून सुरूच झालेली नाही.

एकेक पाकीट आणून घरी करायची परीक्षा अशी. दोन्हींतली २५० ग्रॅम डाळ ताटात पसरा, तुकडा, चुरा, टरफलं, खडे वेगळे काढून स्वयंपाकाच्या काट्यावर तोला. पाकिटातून १४ ग्रॅम निघालं असं धरा आणि गल्लीतल्या डाळीतून ३ ग्रॅम. मग १२८ ची डाळ खरं तर १३५ रुपये ६० पैशांना पडली आणि १४० ची १४१ रुपये ७० पैशांना. बारा रुपयांचा फरक सहावर आला. (तुकडा वाया जात नाही, सांबारात चालतो, असं म्हणणारे आहेत. खरंय, पण तुकडाच घ्यायचा तर तो त्याच्या भावाने घ्यावा.)

मग शिजवून पाहा. दोन्ही १००-१०० ग्रॅम, वीस मिनिटं भिजवलेल्या, प्रत्येकी ३०० मिली पाणी, एकाच कुकरमध्ये दोन भांडी, तीन शिट्ट्या. एकाच वेळी आणि एकाच पाण्यात शिजवणं गरजेचं आहे. नर्मदेचं पाणी आणि बोअरचं जड पाणी यांत तीच डाळ वेगवेगळी शिजते. जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या पेशी घट्ट धरून ठेवतं. उकाड्यात आणि दमटपणात बरेच महिने पडून राहिलेली डाळही अशीच हट्टी होते, कितीही शिट्ट्या द्या, वरणात कणी राहतेच. बारीक रवीने घोटल्यावर एक भांडं एकजीव झालं आणि दुसऱ्यात दाणे तळाला बसले तर निकाल लागला. या घरात आठवड्यातून पाच दिवस वरण-भात होतो. दोन जादा शिट्ट्यांचा गॅस आणि तोंडात येणारी कणी सहा रुपयांत बसत नाही.

तांदळाचं उलट झालं. रोजच्या भाताचा तांदूळ तिकडे किलोमागे सहा रुपयांनी स्वस्त, दाणा तोच, तुकडा तेवढाच. तांदळासाठी दुकान चांगलं आहे. मोठं कुटुंब असेल तर गोणीचं गणितही बघावं: १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, छापील पाकिटातल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या गोणीवर नाही. बाजारात २६ आणि ३० किलोच्या गोण्या दिसतात त्या यामुळे. चार माणसांना मात्र २६ किलो चार महिने पुरतात आणि पावसाळ्यात त्यात टोके होतात.

सुट्या धान्यालाही हा कर लागत नाही, आणि पोहे तिकडे महाग का पडले याचा निम्मा उलगडा त्यात आहे. उरलेला निम्मा पाकिटाच्या खर्चात. शिवाय पोहे मऊ, थर रचले की तळातल्या पाकिटात भुगा होतो. इंदुरी पोहे वाफेवर करायचे तर अख्खा, मध्यम जाडीचा पोहा लागतो. भुग्याचा लगदा होतो. उज्जैनच्या गिरण्यांचा ताजा पोहा ज्या शहरात आठवड्याला येतो तिथे तो बंद पाकिटात घेण्याचं कारण दिसत नाही.

साखरेत बारीक आणि मोठा दाणा एवढंच पाहायचं, चहाला कुठलीही चालते. छोले या घरी महिन्याला लागत नाहीत म्हणून हिशेबात नाहीत, पण घेणाऱ्यांसाठी: इथे ज्याला डॉलर चणा म्हणतात त्याचे ४०-४२, ४४-४६, ५८-६० असे नंबर म्हणजे एका औंसात, साधारण २८ ग्रॅममध्ये, किती दाणे बसतात ते. आकडा लहान तितका दाणा मोठा आणि भाव चढा. पाकिटावर नंबर नसतो. घरी २८ ग्रॅम तोलून दाणे मोजले की कळतो.

आजींची तक्रार भगरीची होती. इथल्या दुकानात तिला मोरधन म्हणतात, नव्या दुकानातल्या पाकिटावर ‘समा चावल’ लिहिलेलं, आणि त्यांना ते दिसलंच नाही. पुन्हा ते पाकीट किलोमागे वीस रुपयांनी महाग. मसाल्यांचंही तेच. शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्यांत पुडीचेच पैसे जातात. गोड्या मसाल्याचं दगडफूल, नागकेशर असल्या दुकानात शोधूच नये. त्यासाठी मारोठिया बाजार आहे. सियागंजातही घाऊकवाल्यांकडे भाव उतरतो, पण पाच-पाच किलो घ्यायची तयारी आणि गाडी लावायला जागा शोधण्याचा धीर हवा. दोन घरांनी मिळून गेलं तरच ते परवडतं.

जाण्या-येण्याचा खर्च

सगळी यादी हलवली तर महिन्याला कागदावर २१९ रुपये वाचतात. बत्तीस किलो सामान स्कूटरवर येत नाही, म्हणून कार. अठरा किलोमीटरचा फेरा, लिटरला १५ किलोमीटर, पेट्रोल १०७ रुपये: १२८ रुपये गेले. उरले ९१. पिशव्या घरून न्यायला विसरलात तर त्यातूनही गेले. रविवारी संध्याकाळी रांगेसकट अडीच तास. आणि यादीबाहेर टोपलीत पडणारा जो माल असतो, प्लॅस्टिकचे डबे, ‘दोनवर एक’ बिस्किटं, नवा नमकीन, तो शंभर रुपयांचा जरी झाला तरी महिन्याचं गणित उणे होतं. नमकीनच्या गावात राहून पाकिटातली शेव आणणं हा भाग वेगळा.

आता फक्त पहिला ढीग घ्या, पण दोन महिन्यांचा एकदम. साबण-पावडर-तेल-चहा दोन महिन्यांत बिघडत नाही. वजन १७-१८ किलो, स्कूटरच्या पायाजागेत आणि एका पिशवीत मावतं. वाचले ४२६, स्कूटर लिटरला ४५ देते म्हणून पेट्रोल ४३ रुपये. निव्वळ ३८३, म्हणजे महिन्याला १९० च्या आसपास. अर्धी यादी, निम्म्या फेऱ्या, आणि बचत दुप्पट. तांदूळ सहा किलो जोडला तर आणखी ३६ रुपये, स्कूटर जरा जड होते इतकंच.

डाळ, पोहे, दाणे, उपवासाचं सामान गल्लीत राहिलं. तिथे किलोत अळी निघाली तर उघडलेली डाळ परत होते, पाहुणे आले तर पाव किलो रवा दहा मिनिटांत येतो, पैसे महिन्याने. सगळी खरेदी तिकडे हलवून फक्त अडीनडीला गल्लीत गेलं की दुकानदारही तेवढाच धरून वागतो.

बिलाच्या टेबलावर

इथेच गळती होते. फळीवर एक भाव आणि बिलात दुसरा, हे बहुतेक वेळा जुनी चिठ्ठी न बदलल्यामुळे होतं. फोटो असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होतं, घरी आल्यावर नाही. ‘दोनवर एक’ ची सूट बिलात आपोआप लागली का पाहा, वेगळ्या वासाचा साबण उचलला तरी ती गळते. लवकर संपणाऱ्या तारखेचा माल पुढे मांडलेला असतो, हात मागे घाला. दोन महिन्यांची खरेदी करणाऱ्याला तारीख जास्त पाहावी लागते, चहाला नाही तरी बेसनाला नक्की.

दुकानाने स्वतः भरलेली पाकिटं भाजीच्या काट्यावर ठेवून पाहायला हरकत नाही. एक किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची तूट कायद्याने चालते, त्यामुळे ९९० ग्रॅम दिसलं तर भांडू नका. ९६० दिसलं तर पाकीट उघडू नका, बिल ठेवा आणि नापतौल विभागाकडे किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगा. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेतला तरी तोच मार्ग.

या घराने दसऱ्यानंतर हिशेब पुन्हा करायचं ठरवलंय. तेव्हा नवे शेंगदाणे बाजारात येतात, उद्घाटनाचे भाव संपलेले असतात आणि दिवाळीच्या बेसन-रवा-साखरेची यादी नेहमीच्या तिप्पट होते. आजींनी तेवढ्यात एक अट घातली आहे: नवरात्राचा साबुदाणा गल्लीतूनच, आणि तो आदल्या रात्री भिजवून बघितल्याशिवाय दोन किलोच्या वर घ्यायचा नाही.